अपूर्णांकातला नवरा

ओवी चौगुले विधवा की सवाष्ण, हा प्रश्न मिरजेच्या त्या गल्लीत पंचवीस वर्षं अपूर्णांकात सोडवला जात होता.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला महिला मंडळाच्या बायका सतरंजीवर बसत आणि ओवीची जागा दरवर्षी नव्याने ठरे. पहिल्या वर्षी ती दाराबाहेर चपलांशेजारी बसली, कारण तेव्हा ती पाचशेतला एक भाग सवाष्ण होती. चाळीसातला एक झाली तेव्हा उंबऱ्याच्या आत आली. नवातला एक झाली तेव्हा तिला तिळगुळाबरोबर वाणही मिळालं, पण ओटी नाही. मंडळाच्या अध्यक्षा किआराआक्का पाटील या बाबतीत कडक होत्या. "नियम म्हंजे नियम," त्या म्हणत. "निम्म्याच्या वर गेल्याबिगर ओटी न्हाई, निम्म्याच्या खाली ऱ्हाईल तवर पुढची रांग न्हाई."

यंदा ओवी बरोबर निम्मी होती. नियम करताना बरोबर निम्म्याचा विचार कोणी केला नव्हता. शेवटी तिला दोन रांगांच्या मधे, एकटीला, पाटावर बसवलं.

हे समजायचं तर कोठीपासून सुरुवात करावी लागेल.

त्या काळात घरं लहान झाली होती आणि वस्तू होत्या तेवढ्याच राहिल्या होत्या. यावर ठेवरेव नावाच्या कंपनीने विरवणी काढली. विरवणी म्हणजे वस्तू वाचून काढणं. तिच्यातला कण न् कण कुठे आहे आणि काय करतो आहे हे पार तळापर्यंत वाचायचं. निसर्गाचा नियम असा की इतक्या खोलवर वाचलेली वस्तू वाचल्यावर शिल्लक राहत नाही. राहते ती नोंद. त्या नोंदीवरचा हक्क म्हणजे टोकन. टोकन मोबाईलमध्ये मावतं, विकता येतं, आहेरात देता येतं. वस्तू हवी झाली की सोडवणुकीच्या खिडकीवर जायचं, टोकन जाळायचं आणि वस्तू समोर उभी. एक तर वस्तू, नाहीतर टोकन. दोन्ही एकदम कधीच नाही. लोकांनी पाहुण्यांच्या गाद्या विरवल्या, शिवणयंत्रं विरवली, गणपतीची मखरं आणि व्यायाम करायचा म्हणून आणलेल्या सायकली विरवल्या. एका गृहस्थाने पियानो विरवला. त्याच्याकडे पियानो कुठून आला हे तेव्हाही कोणाला कळलं नाही.

कंपनीची अट एकच होती, की भांडं रिकामं द्यावं. विरवणीच्या गाडीवर तसं लाल अक्षरांत लिहिलेलं असे. कंपनी बाहेरची. शेजारणीचा डबा परत करतानासुद्धा आपल्याकडे त्यात चिमूटभर साखर टाकतात, रिकामं भांडं कोणी कोणाच्या हातात देत नाही, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. लोकांनी पाटी वाचली आणि साखर टाकली. रिकामं म्हणजे अगदीच रिकामं असं कोणी म्हणत नसतं.

साखरेबरोबर मुंग्या गेल्या. दोन वर्षांनी जयसिंगपुरात एका बाईने डबा सोडवला तेव्हा त्यातून मुंग्यांची रांग बाहेर पडली आणि जणू काही झालंच नाही अशी चालू लागली. मुंग्या तासगावच्या होत्या. त्यांना हवी असलेली भिंत तासगावातच राहिली, एवढीच त्यांची अडचण झाली. पण त्या दिवसापासून जिवंत जीव विरतो आणि जिवंतच परत येतो, हे सगळ्या जिल्ह्याला कळलं.

मल्हार चौगुले त्यानंतर वर्षभराने विरला.

त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. वय बत्तीस. घरात दोन पोत्यांची पत्र्याची कोठी होती, ती पाळण्याच्या वाटेत येत होती. गाडी दाराशी आली, गाडीवाल्याने कोठी अंगणात यंत्राच्या पट्ट्यावर ठेवून घेतली.

"रिकामी देताय व्हय?" ओवी आतून म्हणाली.

"रिकामीच मागत्यात की."

"मागू देत. घरातली कोठी हाय ती. मूठभर गहू टाका."

मल्हारने मूठ भरली. धान्याला शिवायचं म्हणून चपला काढल्या.

"आणि वरनं टाकू नका," ओवी म्हणाली. "पत्रा वाजतोय. पोरगी आत्ताच झोपलीय."

म्हणून तो ओणवा झाला आणि गहू अलगद तळाला ठेवण्यासाठी कमरेपर्यंत कोठीत गेला. गाडीवाला मोबाईलमध्ये बघत होता. त्याने कळ दाबली.

यंत्र हुशार होतं. वस्तूला लागून असलेलं सगळं ते वस्तूचंच धरायचं, नाहीतर कपाचा कान मागे राहिला असता. मल्हारचा वरचा भाग कोठीत होता, म्हणून त्याने पायही घेतले. अंगणात चपला राहिल्या. ओवीचा मोबाईल वाजला: 'अभिनंदन! आपल्याला एक कोठी-टोकन मिळाले आहे. वस्तूचे वजन अपेक्षेपेक्षा जास्त भरल्याबद्दल आपल्याला पन्नास गुण भेट.'

पाळण्यातली जुई उठली नाही. पत्रा वाजलाच नव्हता.

*

कंपनीने माणूस परत द्यायला नकार दिला नाही. कंपनी म्हणाली, टोकन दाखवा आणि कोठी घेऊन जा. कुठली कोठी, ते मात्र कंपनीला माहीत नव्हतं आणि माहीत होणं शक्यही नव्हतं. हे ओवीला समजावून सांगायची वेळ डॉ. इनाया मुजावर यांच्यावर आली. इनाया मिरजेचीच, विरवणीच्या गणितावर नुकतीच डॉक्टरेट घेऊन सुट्टीला घरी आलेली, आणि दोन घरं सोडून राहणारी. गल्लीत असली शिकलेली एकच असल्यामुळे तिला पाणी गरम करायच्या बंबाबद्दलही विचारत.

"कुठल्या टोकनात हाय तेवढं सांग," ओवी म्हणाली. "मी जाऊन आणते."

"तसं नसतं, वैनी. एका दिवशी एका मापाच्या जेवढ्या वस्तू विरतात, त्यांचा एक घाणा करतात. भज्यांचा घाणा काढतात तसा. त्या दिवशी दोन पोत्यांच्या पाचशे कोठ्या विरल्या. पाचशेंचा एक घाणा, पाचशे टोकनं."

"मग पाचशेतल्या एकात असणार की."

"नोटेवर नंबर असतो," इनाया म्हणाली. "म्हणून माझी नोट तुमच्याकडे आली तर ओळखता येते. पण पदार्थाच्या अगदी आतल्या कणांवर नंबर नसतात. हा कण आणि तो कण असं म्हणताच येत नाही. कंपनीने टोकनं तशी केली, म्हणजे माझ्या कोठीला पोचा आला म्हणून कोणी भांडायला नको. पाच जणींनी पाच कळश्या विहिरीत ओतल्या. आता तुम्ही एक शेंदली. ते पाणी कोणाचं?"

"सगळ्यांचं."

"हां. आणि विहिरीतला थेंब निदान कुठंतरी असतो. इथं तेही नाही. काढेपर्यंत मल्हारभाऊ कुठल्याच एका टोकनात नाहीत. पाचशे जणांकडे सारखेच आहेत."

ओवीने विचारलं, "म्हंजे सगळ्यांकडं जरा जरा?"

"जरा जरा नाही. अख्खे. पण पाचशेतल्या एका शक्यतेनं."

"दुखत असंल का गं त्याला?"

"त्यांना वेळच नाहीये, वैनी. त्यांची मूठ अजून उघडलीसुद्धा नाही."

"जिवंत हाय?"

इनायाने मुंग्यांची आठवण करून दिली. मग न राहवून म्हणाली, "तुमचं टोकन आज जाळून बघायचं तर बघा. आत्ता काय, नंतर काय, गणिताने तुमचा वाटा तेवढाच."

ओवीने पदराआड मोबाईल घट्ट धरला. "आणि माझ्यात न्हाई निघाला तर? मग माझ्याकडं काय ऱ्हातंय?"

यावर गणितात उत्तर नव्हतं.

सरकारी कार्यालयातही नव्हतं. सात वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाला मेलेला धरता येतं. पण तिथला साहेब म्हणाला, "बाई, हे बेपत्ता कुठे आहेत? हे कुठं आहेत ते सगळ्यांना माहीत आहे." मग त्याने हळूच विचारलं, "त्या घाण्यातलं एक टोकन माझ्या सासऱ्यांकडे आहे. मल्हाररावांना तंबाखूचा वास चालतो का?"

असं करत मल्हार चौगुले पाचशे घरांत राहायला गेला.

पहिल्यांदा लोक हसले. मग माधवनगरच्या एका जोडप्याने भांडायचं बंद केलं, कारण घरात कोणीतरी ऐकतं आहे असं दोघांनाही वाटायला लागलं. कुपवाडच्या एका आजोबांनी, त्याचं डोकं खाली आहे म्हणून, मोबाईल कायम उलटा ठेवायला सुरुवात केली. त्यांना आलेला एकही फोन धड घेता आला नाही. एका घरात नवी सून वाकून केर काढायची थांबली. ती म्हणे, मी वाकले की माझ्या शेजारी अजून कोणीतरी वाकलेलं असतं. तिला गव्हाचा वास येई. त्या घरात भाकरीच खात होते.

कोणाला त्याची भीती वाटत नव्हती. तो काही करत नव्हता. मेलेला माणूस कधीतरी येतो आणि जातो. हा आलाही नव्हता आणि जाणारही नव्हता. तो फक्त ओणवा होता. दिवसाढवळ्या, स्वयंपाकघरात, बैठकीत, मुलं अभ्यास करत असताना, कोणीतरी पाठ करून खाली वाकलेलं आहे आणि आत्ता सरळ होईल, असं वाटायचं. या "आत्ता"ने लोकांची झोप गेली. काहींनी टोकन विकून टाकलं. विकत घेणारे भरपूर होते, कारण माणूस निघण्याची शक्यता असलेली कोठी बाजारात दुसरी नव्हती.

ओवी घरोघरी जायची. आधी जुईला कडेवर घेऊन, मग बोट धरून, मग जुईच्या स्कूटरवर मागे बसून. ती भांडायची नाही, रडायचीही नाही. चहा प्यायची आणि विचारायची, "सोडवता का?" कोणी त्या दिवशीच सोडवायचं, कोणी पाच वर्षांनी. खिडकीवर कोठी उभी राहायची तेव्हा सगळे आत डोकवायचे. ओवी आधी खाली बघायची, पाय दिसतात का ते. मग मान हलवायची आणि म्हणायची, "चांगली कोठी हाय. लाभू द्या."

कोठ्यांतून मूठभर ज्वारी निघाली, तूरडाळ निघाली, साखर, मुंग्या. एकदा मांजर निघालं. पंधरा वर्षांपूर्वीचं ते मांजर. त्याने सगळ्यांकडे तुच्छतेने पाहिलं आणि निघून गेलं. त्याच्या मते फार तर एक डुलकी झाली होती.

पाचशेचे चाळीस झाले, चाळिसाचे नऊ. आणि यंदा दोन. एक टोकन ओवीचं. दुसरं कवलापूरच्या दौलत घाटग्यांचं. घाटगे तीन वर्षांपूर्वी वारले होते.

*

घाटग्यांच्या मुलाने, शंभूने, पाहुणचार चांगला केला. खुर्च्या टाकल्या, उसाचा रस मागवला. मग म्हणाला, "काकू, तुमास्नी न्हाई म्हणायचं माझ्या जिवावर येतंय. पन किल्लीच न्हाई."

टोकन जाळायचं तर मालकाचं किल्लीवाक्य लागतं. बारा शब्दांचं, ज्याचं त्याने ठरवलेलं. ते कंपनीलाही माहीत नसतं.

"तुमच्या आबांनी कुणालाच सांगितलं न्हाई?" जुईने विचारलं.

"कंपनीनं मेसेज धाडला होता, किल्लीवाक्य कुणाला सांगू नका म्हणून. आबांनी जन्मात कुणाचं ऐकलं न्हाई, नेमकं हेच ऐकलं." शंभूने कपाळाला हात लावला. "आमी काय कमी केलं? घरातल्यांची नावं घातली. देवांची घातली. म्हशींची घातली. मग आई म्हणाली, ह्यांच्या तोंडात नावं कधी नव्हतीच, शिव्या घालून बघा. त्याबी घातल्या. आठवडाभर सगळं घर बसून शिव्या आठवत होतं. पाव्हणे आले की त्यांनाबी विचारत होतो."

"मग?"

"ते म्हणायचे, वाक्य डोक्यात ठेवलंय." शंभूने रसाचा पेला पुढे सरकवला. "ते डोकं आमी कृष्णेच्या काठावर जाळलं."

"फोडता नाही येत?" परतताना जुईने हा प्रश्न फोनवर इनायांना विचारला. डॉ. इनाया आता विभागप्रमुख होत्या, केस पांढरे झाले होते आणि बंबाबद्दल लोक त्यांना अजून विचारत होते.

"जगातली सगळी यंत्रं लावली तरी सूर्य विझेपर्यंत फुटणार नाही," इनाया म्हणाल्या. "आणि घाण्याची नोंद कोणा एकाच्या ताब्यात नाही, जगभर विखुरलेली आहे. ती कोणाला बंदही करता येणार नाही."

त्या संध्याकाळी तिघी ओवीच्या स्वयंपाकघरात बसल्या. ओवीने शेंगा भाजल्या होत्या.

"आई, आपलं सोडवू या," जुई म्हणाली. "मी पंचवीसची झाले. अजून सात वर्षांनी मी बाबांच्या वयाची होईन, मग त्यांच्यापेक्षा मोठी."

"मग तू त्याला रागव."

"आई."

"मी काय न्हाई म्हणतीय का?" ओवी शेंग फोडत म्हणाली. "इतकी वर्षं मी माझं तेवढं मागं ठेवलं. लोकांची चारशे अठ्ठ्याण्णव घरं उघडायला लावली आणि स्वतःचं झाकून बसले. का म्हायताय? परक्याच्या दारात ओणवा निघाला असता तर लाजला असता तो. माझ्याकडं निघावा. आणि न्हाईच निघाला तर..." तिने दाणे परातीत टाकले. "आता निम्मा हाय. निम्म्या नवऱ्याचं काय करायचं? जेवायला वाढावं तर निम्मंच वाढावं का? मला ना धड वाट बघता येती, ना धड रडता. उद्या सोडवायची. निघाला तर निघाला. न्हाई निघाला तर कुंकू पुसून एकदा पोटभर रडीन. पंचवीस वर्षांचं रडायचं ऱ्हायलंय माझं."

इनाया शेंग हातात धरून तशाच बसल्या होत्या.

"वैनी," त्या म्हणाल्या, "रिकामी निघाली तर रडायचं कशासाठी, ते आधी..."

"आधी काय?"

इनायांनी जुईकडे पाहिलं. "काही नाही. आधी सोडवू."

*

सोडवणुकीची खिडकी स्टेशन रोडला होती. सकाळी दहाला तिथे सगळी गल्ली जमली होती. किआराआक्का आरतीचं ताट घेऊन आल्या होत्या. त्याच ताटात एका कडेला पांढरा रुमालही घडी करून ठेवला होता. मंडळाने दोन्ही शक्यतांची तयारी केली होती. एकाने ढोल आणला होता आणि वाजवायचा की नाही हे तो दर दोन मिनिटांनी विचारत होता.

खिडकीतल्या मुलीने विचारलं, "पिशवी हवी का?"

"कोठीला?" जुई म्हणाली.

"विचारावं लागतं."

ओवीने नवी साडी नेसली होती. कपाळाचं कुंकू नेहमीपेक्षा जरा मोठं होतं. तिने मोबाईल पुढे केला आणि किल्लीवाक्याचे बारा शब्द ओठांतल्या ओठांत म्हटले. ते काय होते ते जुईलाही ऐकू आलं नाही. पडद्यावर टोकन जळल्याची खूण आली. पट्ट्यावरची हवा जरा हलली आणि कोठी उभी राहिली.

ओवीने आधी खाली पाहिलं.

पट्ट्यावर कोठीची गोल कड होती. तिच्या मागे स्टेशन रोड दिसत होता, रिक्षा जात होत्या.

जुई पुढे गेली आणि आत वाकली. गर्दीतले दोघे-तिघे "ए, वाकू नको" म्हणून ओरडले. ती सरळ झाली तेव्हा तिच्या तळहातावर मूठभर तांदूळ होता. लांब दाण्याचा, बासमती.

"आपल्यात बासमती कधी आणलाच न्हाई," ओवी म्हणाली.

मग ती खिडकीच्या पायरीवर बसली आणि तिने तोंडाला पदर लावला. आवाज आधी बारीक आला. नंतर तो इतका मोठा झाला की ढोलवाला ढोल घेऊन दोन दुकानं मागे सरकला. गल्लीतल्या कोणीही ओवी चौगुलेला कधी रडताना पाहिलं नव्हतं. बायका तिच्याभोवती बसल्या. किआराआक्कांनी ताट खाली ठेवलं, पांढरा रुमाल उचलला, त्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि दुसऱ्या हाताने ओवीची हनुवटी हळूच वर केली.

"पूस," ओवी रडता रडता म्हणाली. "पूस बाई एकदाचं."

इनायांनी किआराआक्कांचं मनगट धरलं.

"थांबा. पुसायचं नाही."

"आता शून्य झालं न्हवं, डॉक्टरीणबाई?" किआराआक्का म्हणाल्या. "पाचशेतल्या चारशे नव्व्याण्णव झाल्या. तिच्यात न्हाई निघाला."

"तिच्यात नाही निघाला. म्हणजे उरलेल्या एकात आहे. आजवर शक्यता होती, आक्का. आता खात्री झाली. मल्हारभाऊ घाटग्यांच्या टोकनात आहेत. अख्खे."

"निघणार?"

"नाही."

"कधी?"

"कधीच नाही."

"मग मेला म्हणायचा."

"मरायला वेळ लागतो. त्यांना वेळ नाहीये. आजारी पडणार नाहीत, म्हातारे होणार नाहीत. आपण सगळे जाऊ, ही मिरज जाईल, तरी ते बत्तीस वर्षांचे, धडधाकट, वाकलेले असतील."

किआराआक्कांनी हे नीट समजून घेतलं. त्या हिशेबाला पक्क्या होत्या. "म्हंजे हिचा नवरा मरूच शकत न्हाई?"

इनायांनी होकाराची मान हलवली.

ओवीचं रडणं थांबलं होतं. ते संपलं नव्हतं, मधेच थांबलं होतं, आणि पुन्हा सुरू करायला तिच्याकडे आता काही कारण उरलं नव्हतं. ती ओल्या तोंडाने एकेकीकडे बघत होती, जणू कोणीतरी तिच्या ताटातलं काढून नेलं आहे आणि ते कोणी नेलं तेही तिला विचारता येत नाही.

किआराआक्कांच्या हातातून रुमाल गळला. त्यांनी चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि भर स्टेशन रोडवर ओवीच्या पायांवर डोकं ठेवलं. मागच्या बायकांनी रांग लावली. ढोलवाल्याने पुन्हा विचारलं, आणि या वेळी त्याला कोणीतरी हो म्हटलं.

*

त्यानंतर जिल्ह्यात लग्न असलं की पहिली हळद ओवी चौगुलेच्या हाताची. गाड्या न्यायला येत. साताऱ्याहून येत, बेळगावहून येत. जगात आजवर झालेल्या बायकांत जिचं सौभाग्य शास्त्राने सिद्ध झालं आहे अशी ही एकटी. लोक तिच्या बांगड्यांना बोट लावून ते कपाळाला लावायचे. एका पुढाऱ्याची बायको तिची पायधूळ डबीत घेऊन गेली. डबी रिकामी आणू नये म्हणून येताना तिने तिच्यात चार खडीसाखरेचे खडे आणले होते.

ओवीला साठावं लागलं, मग पासष्टावं. गुडघे दुखायला लागले. नवरा बत्तीस वर्षांचाच होता. रात्री काय विचार करतेस, असं जुईने एकदा विचारलं. ओवी म्हणाली, "काय न्हाई. पोरगी कधीच उठून मोठी झाली, एवढं त्याला कुणी सांगितलं असतं तर त्यानं मूठ सोडली असती."

जुईचं लग्न जुईने बरंच लांबवलं. शेवटी झालं तेव्हा ती अडतीसची होती, वडिलांपेक्षा सहा वर्षांनी मोठी. पत्रिकेत वडिलांच्या नावाआधी 'श्री.' छापलं. गुरुजींनी वधूपित्यासाठी एक पाट रिकामा मांडला. मग रिकामा नको म्हणून कोणीतरी त्यावर सुपारी ठेवली.

मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मी गर्दी लग्नाला आली नव्हती, ती आशीर्वाद बघायला आली होती. असली सवाष्ण पोटच्या लेकीला आशीर्वाद देणार, हे पुन्हा कधी बघायला मिळणार? इनाया पहिल्या रांगेत होत्या. किआराआक्का, आता काठी घेऊन, ओवीच्या शेजारी उभ्या होत्या.

जुई आईपुढे आली आणि वाकली. दोन्ही हात आईच्या पायांवर, पाठ वर, मान खाली. ती तशीच राहिली.

"आशीर्वाद द्या, मावशी," गुरुजी म्हणाले. "अखंड सौभाग्यवती भव."

ओवी वाकलेल्या पाठीकडे बघत राहिली. इतका वेळ की गर्दीत कुजबुज सुरू झाली, आणि गुरुजींनी तेच शब्द जरा मोठ्याने पुन्हा सांगितले.

"अखंड नको," ओवी म्हणाली.

तिने वाकून जुईचे दोन्ही दंड धरले आणि तिला जवळजवळ ओढून सरळ उभी केली.

"सरणारा असू दे गं तुझा. म्हातारा होऊ दे, खोकू दे, डोळ्यांदेखत थकू दे. आधी तू जा नाहीतर आधी तो जाऊ दे, पन सरू दे. मागं ऱ्हाईल त्याला रडायला मिळू दे."

नवरामुलगा आपल्या आईकडे बघायला लागला. किआराआक्का ओवीच्या कानाशी लागून म्हणाल्या, "ओवी, अगं पोरीला आशीर्वाद तरी नीट दे की."

"नीटच दिलाय," ओवी म्हणाली.